‘मदत’ बटण दाबले तरी मदतपुस्तक उघडत नाही: देवस्थानाच्या हिशेबाची एक्सेल फाइल दुसऱ्याच्या संगणकावर नेताना

हिशेबाची एक्सेल फाइल उघडते, अभिषेकाची पावती छापली जाते, खतावणी जुळते. पण ‘मदत’ या बटणावर क्लिक केले की काहीच होत नाही, नाहीतर फाइल सापडत नसल्याचा निरोप येतो. ज्याने ही फाइल तयार केली त्याच्या संगणकावर मात्र तेच बटण नीट चालते. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका देवस्थानासाठी केलेली फाइल शेजारच्या देवस्थानाने नेणे नेहमीचे आहे, आणि ही तक्रारही तितकीच नेहमीची.

ती सर्वांत जास्त येते समिती बदलल्यावर. आपली देवस्थाने १९३३ च्या माझानी कायद्याखाली, म्हणजे गोव्यातल्या देवस्थानांच्या कारभाराच्या कायद्याखाली, चालतात. महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद, दर तीन वर्षांनी नवी समिती निवडतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार बदलतात. हिशेब बऱ्याच ठिकाणी खजिनदाराच्या घरच्या लॅपटॉपवर असतो, त्यामुळे माणसाबरोबर संगणकही बदलतो. पावणीची (लिलावाची) रक्कम कोणत्या खात्यात घालायची, जत्रेची आगाऊ उचल कशी वळती करायची, मामलेदार कचेरीत द्यायच्या अंदाजपत्रकाचे आकडे कुठून उचलायचे, हे सगळे नव्या खजिनदाराला पहिल्याच महिन्यात विचारावे लागते. मदतपुस्तक, म्हणजे एक्सेल फाइलबरोबर दिलेली सूचनांची वेगळी फाइल, त्याच्यासाठीच लिहिलेले असते आणि नेमके त्याच्याकडेच ते उघडत नाही. म्हणून ही किरकोळ अडचण आहे असे मला वाटत नाही. मदत मिळाली नाही की माणूस अंदाजाने नोंद करतो, आणि ती चूक वर्षअखेरीस ताळेबंदात सापडते.

पडद्यावर काय दिसते ते आधी विचारा

दुरुस्तीला हात घालण्याआधी समोरच्याकडून पडद्याचा फोटो मागवा. ‘उघडत नाही’ या दोन शब्दांमागे निदान चार वेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. फाइल सापडत नाही असे लिहून आले असेल तर पत्ता चुकलेला आहे. मदतीची खिडकी उघडली, डावीकडे विषयांची यादीही आली, पण उजवीकडचे पान कोरे किंवा ‘पान दाखवता येत नाही’ अशा अर्थाचे असेल, तर पत्ता बरोबर आहे आणि विंडोजने मजकूर अडवला आहे. बटण दाबल्यावर कसलीच हालचाल नसेल तर बहुधा मॅक्रो, म्हणजे बटणामागे लिहिलेल्या आज्ञा, बंद आहेत. आणि सगळे उघडले, पण मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, तर गोष्ट लिपीची आहे. फोटो न बघता ‘परत इन्स्टॉल करा’, ‘फाइल परत पाठवतो’ असे सांगण्यात दोघांचाही दिवस जातो.

पत्ता चुकतो तो कसा

दहापैकी बहुतेक वेळा कारण हेच असते. मॅक्रो लिहिताना मदतपुस्तकाचा पूर्ण पत्ता, म्हणजे सी ड्राइव्ह, यूझर्स, अमुक नाव, डॉक्युमेंट्स असा सरळ लिहून टाकलेला असतो. त्या नावाचा वापरकर्ता दुसऱ्याच्या संगणकावर नसतोच. व्हीबीएच्या (एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिण्याच्या भाषेच्या) प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये ‘हेल्प फाइल नेम’ नावाची एक चौकट आहे. तिथे ‘ब्राउझ’ करून फाइल निवडली तरी पूर्ण पत्ताच साठवला जातो, त्यामुळे तीही त्याच रांगेत बसते.

उपाय असा की पत्ता साठवायचाच नाही. बटण दाबल्या क्षणी तो शोधायचा. मदतपुस्तक आणि एक्सेल फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि मॅक्रोमध्ये थिसवर्कबुक.पाथ वापरून ‘मी आत्ता जिथे आहे तो फोल्डर’ विचारा. त्यापुढे उलटी तिरकी रेघ आणि मदतपुस्तकाचे नाव जोडा. मग फोल्डर डी ड्राइव्हवर न्या, पेन ड्राइव्हवर न्या, त्याचे नाव बदला, काही बिघडत नाही. इथे अॅक्टिव्हवर्कबुक.पाथ लिहू नका. खजिनदाराने शेजारी बँकेचे स्टेटमेंट उघडून ठेवले असेल आणि तीच फाइल समोर असेल, तर मदत बँकेच्या फोल्डरमध्ये शोधली जाईल. कधी चालते, कधी चालत नाही अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी हाच शब्द तपासा.

मॅक्रो नको असतील तर त्याहून सोपा मार्ग आहे. सेलमध्ये हायपरलिंक हे सूत्र लिहा आणि त्यात पत्ता न देता फक्त मदतपुस्तकाचे नाव द्या. एक्सेल ते स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधते. उजव्या क्लिकने घातलेली लिंकही एकाच फोल्डरमधल्या फाइलसाठी अशीच सापेक्ष, म्हणजे एक्सेल फाइलच्या जागेवरून मोजून, साठवली जाते. मात्र लिंक घालण्याआधी एक्सेल फाइल त्या फोल्डरमध्ये सेव्ह केलेली असावी, आणि मदतपुस्तक दुसऱ्या ड्राइव्हवर नसावे. एवढे करूनही सगळ्या लिंका एकदम भलत्याच ठिकाणी जात असतील, तर फाइलच्या अॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये ‘समरी’ या टॅबवर ‘हायपरलिंक बेस’ची चौकट पाहा. तिथे कुणी काही लिहून ठेवले असेल तर सगळ्या सापेक्ष लिंका तिथूनच मोजल्या जातात. ती रिकामी करा.

फाइल व्हॉट्सअॅपवरून गेली, मदतपुस्तक मागेच राहिले

आपल्याकडे फाइल देण्याची रीत म्हणजे व्हॉट्सअॅप. एक्सेल फाइल जाते, शेजारचे मदतपुस्तक कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही एकत्र जावीत म्हणून झिप करून पाठवले, तर घेणारा झिपवर दोनदा क्लिक करून आतूनच एक्सेल फाइल उघडतो. त्या वेळी विंडोज फक्त तेवढीच एक फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते. थिसवर्कबुक.पाथ इमानदारीने त्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता सांगते, आणि मदतपुस्तक तिथे नसते. मेलमधली जोडणी थेट उघडली तरी हेच होते. यात आणखी मोठा धोका असा की त्या फाइलमध्ये केलेल्या नोंदी तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहतात आणि पुढे सापडत नाहीत. म्हणून फाइल उघडतानाच मॅक्रोने पत्ता तपासावा. पत्त्यात ‘टेम्प’ किंवा ‘आयनेटकॅश’ हे शब्द आले, तर काम सुरू करू देण्याआधी ‘आधी फोल्डर बाहेर काढा’ असे सांगावे. मदतीपेक्षाही हिशेब वाचवण्यासाठी हे करावेच.

पावसाळ्यात बदलणाऱ्या लिंका

जून-जुलैत एक निराळीच तक्रार येते: कालपर्यंत लिंका चालत होत्या, आज सगळ्या ‘अॅपडेटा’ नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवतात. वीज जाते, बॅटरी गेलेला जुना लॅपटॉप किंवा यूपीएसशिवायचा संगणक तिथेच बंद पडतो, आणि पुढच्या वेळी एक्सेल वाचवलेली प्रत पुढे करते. ती प्रत वापरकर्त्याच्या अॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल या फोल्डरमध्ये असते. सापेक्ष लिंका त्या जागेवरून पुन्हा मोजल्या जातात आणि फाइल मूळ जागी सेव्ह केली की चुकीचा पत्ता कायमचा बसतो.

हे ‘फाइंड-रिप्लेस’ने दुरुस्त होत नाही, कारण ते सेलमधला मजकूर पाहते, लिंकमागचा पत्ता पाहत नाही. शीटमधल्या सगळ्या हायपरलिंकांवरून फिरून पत्त्याचा चुकीचा भाग काढून टाकणारा चार ओळींचा मॅक्रो पुरतो. पण मुळात हे होऊच नये असे वाटत असेल, तर उजव्या क्लिकच्या लिंकांऐवजी हायपरलिंक सूत्र वापरा. सूत्रातला पत्ता हा साधा मजकूर असतो, एक्सेल त्याला हात लावत नाही. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’खाली ‘वेब ऑप्शन्स’ आहे. तिथे ‘फाइल्स’ या टॅबवर सेव्ह करताना लिंका अद्ययावत करण्याची खूण असते, तीही काढता येते. मात्र ती प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी काढावी लागते. सूत्र फाइलबरोबर जाते, म्हणून मला सूत्रच बरे वाटते.

डावीकडे यादी, उजवीकडे कोरे पान

मदतपुस्तक सीएचएम प्रकारचे असेल तरच हे दिसते. हा प्रकार मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये आणला. एकाच फाइलमध्ये पाने, अनुक्रमणिका आणि शोध, असे सगळे असल्याने पुष्कळांनी आपली मदतपुस्तके त्यात केली. पण आत वेबपाने असल्यामुळे त्याच्यावर सुरक्षेचे निर्बंध आले, आणि कोरे पान म्हणजे त्यांचाच परिणाम.

पहिले कारण, इंटरनेटवरून आल्याची खूण. मेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक न दिसणारी चिठ्ठी चिकटवते. फाइलवर उजवा क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘जनरल’ टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट असेल, ती खूण करून ‘ओके’ करा. झिप आली असेल तर आधी झिपच अनब्लॉक करा आणि मग बाहेर काढा, म्हणजे आतल्या फाइलींना चिठ्ठी लागत नाही. ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. नेहमीचे पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट असतात आणि त्यांवर ती गळून पडते. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून नेलेली प्रत चालते आणि मेलवरून गेलेली तीच प्रत चालत नाही. दोन खजिनदारांचे अनुभव उलटसुलट आले तर गोंधळू नका, दोघेही खरे सांगत असतात.

दुसरे कारण, नेटवर्क. देवस्थानाच्या कचेरीत पावतीचा एक संगणक आणि हिशेबाचा एक असे दोन असतील आणि मदतपुस्तक सामायिक फोल्डरमध्ये असेल, तर २००५ च्या सुरक्षा सुधारणेपासून सीएचएम तिथून पाने दाखवत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात) बदल करून हे सैल करता येते, पण तसे करू नये असेच मी सांगेन. एका मदतपुस्तकासाठी सगळ्या संगणकाचे दार उघडे ठेवणे योग्य नाही. त्याऐवजी मॅक्रोने सीएचएमची प्रत त्या संगणकाच्या टेम्प फोल्डरमध्ये करावी आणि तिथून उघडावी. वापरणाऱ्याला फरक कळतही नाही. सामायिक फोल्डरच्या बाबतीत झेड ड्राइव्ह, वाय ड्राइव्ह अशा अक्षरांवरही विसंबू नका. एका संगणकावरचे झेड दुसऱ्यावर वायही असू शकते.

तिसरे कारण शोधायला वेळ खाते. फोल्डरच्या नावात # हे चिन्ह असेल तर सीएचएम कोरे येते. ‘हिशेब #२’ असा फोल्डर कुणी केला असेल तर नाव बदला, बाकी काही करावे लागत नाही.

बटण दाबले, काहीच घडले नाही

२०२२ पासून नव्या ऑफिसमध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपोआप अडवले जातात. वर लाल पट्टी येते आणि तिच्यावर परवानगी देण्याचे बटणच नसते. जुन्या पिवळ्या पट्टीची सवय असलेला माणूस तिथे अडकतो. इथेही एक्सेल बंद करून फाइलला अनब्लॉक करणे हाच उपाय. हिशेबाचा फोल्डर ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये (विश्वासाच्या फोल्डरांच्या यादीत) घालता येतो, पण सबंध डाउनलोड्स फोल्डर कधीही घालू नका. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीएचे मॅक्रो चालतच नाहीत, त्यामुळे अध्यक्षांनी फोनवर फाइल उघडून बटण दाबले तर दोष कुणाचाच नाही. आणि शीट कुलूपबंद करताना ‘बंद सेल निवडू द्या’ ही खूण काढली असेल, तर त्या सेलमधल्या लिंकवरही क्लिक होत नाही. कुलूप लावल्यावर मदतीच्या लिंका एकदा दाबून पाहायला हव्यात.

वनड्राइव्हबद्दल थोडक्यात: फोल्डर वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात) असेल तर थिसवर्कबुक.पाथ डिस्कवरचा पत्ता न देता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणारा वेबपत्ता देऊ शकते, आणि फाइल आहे की नाही हे तपासणारे डिर फंक्शन त्यावर चूक दाखवते. पत्ता असा सुरू होतो का ते मॅक्रोने पाहावे. होत असेल तर ‘व्यवस्था’ नावाच्या शीटमध्ये लिहून ठेवलेली मदतपुस्तकाची ऑनलाइन लिंक उघडावी.

प्रश्नचिन्हांची ओळ

ही अडचण इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, कारण ती आपली आहे. विंडोजच्या जुन्या, युनिकोडपूर्व व्यवस्थेत देवनागरीला स्वतंत्र कोडपेज (अक्षरांच्या संकेतांकांचा तक्ता) कधी मिळालेच नाही. व्हीबीएचा संपादक अजून त्याच व्यवस्थेवर चालतो. त्यात ‘मदतपुस्तक’ असे टाइप केले की प्रश्नचिन्हे उमटतात, आणि तुम्ही फाइलचे नाव म्हणून प्रश्नचिन्हेच शोधायला पाठवता. फाइल अर्थातच सापडत नाही, आणि पत्ता चुकल्यासारखे वाटते.

फाइलचे आणि फोल्डरचे नाव रोमन लिपीत, छोटे, मधे जागा न सोडता ठेवा. मजकूर मात्र मराठीच हवा. पडद्यावर दाखवायचे मराठी निरोप मॅक्रोत न लिहिता एका लपवलेल्या शीटच्या सेलांत लिहा आणि तिथून वाचा. व्हीबीएच्या आत देवनागरी सुरक्षित राहते, फक्त संपादकात आणि साध्या मेसेज-बॉक्समध्ये ती मोडते. म्हणून निरोप मेसेज-बॉक्सऐवजी फॉर्मवरच्या लेबलात दाखवा. सीएचएमचेही असेच: युनिकोडमध्ये लिहिलेली आतली पाने नीट दिसतात, पण डावीकडची अनुक्रमणिका आणि शोध यांत देवनागरी मोडते. खजिनदाराला ‘पावणी’ शोधता येत नसेल तर त्या मदतपुस्तकाचा उपयोग अर्धाच.

म्हणून मी काय ठेवतो

सीएचएमवर आता मी नवे काही बांधत नाही. रोज लागणारी मदत फाइलच्या आतच, ‘मदत’ नावाच्या शीटवर असावी. नोंदीच्या प्रत्येक शीटवरून तिथल्या नेमक्या विषयाकडे जाणारी लिंक द्यावी, आणि ती सेलच्या पत्त्याकडे न देता डिफाइन केलेल्या नावाकडे (त्या सेलला आपण दिलेल्या नावाकडे) द्यावी. वर दोन ओळी घुसवल्या तरी नाव आपल्या मजकुराबरोबर सरकते, सेलचा पत्ता सरकत नाही. ही मदत व्हॉट्सअॅपवरून जाते, झिपमधून जाते, फोनवर उघडते, मॅक्रो बंद असले तरी चालते आणि मराठीत शोधताही येते. तिच्यासाठी वरची एकही दुरुस्ती लागत नाही.

चित्रांसह लांबलचक समजवायच्या गोष्टी, म्हणजे वर्षअखेरची बंद-नोंद, अंदाजपत्रकाची छपाई, प्रिंटरवर पावतीचा आकार बसवणे, यांच्यासाठी पीडीएफ ठेवा. पण एकच जाड पीडीएफ नको. लिंकमधून नेमक्या पानावर उघडण्याची सोय प्रत्येक संगणकावर पाळली जाईलच असे नाही, पुष्कळदा पहिलेच पान उघडते. विषयागणिक दोन-चार पानांची वेगळी पीडीएफ केली की तो प्रश्न उरत नाही. या सगळ्या ‘madat’ अशा रोमन लिपीतल्या नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवा.

फाइल नसेल तर मॅक्रोने गप्प बसू नये. उघडण्याआधी ती आहे का ते तपासावे आणि नसल्यास साधा निरोप द्यावा: ‘मदतीची फाइल या फोल्डरमध्ये नाही. फक्त एक्सेल फाइल कॉपी झाली असावी. पूर्ण फोल्डर आणा. तोवर खालचे मदत शीट पाहा.’ निरोपात फोल्डरचा पूर्ण पत्ताही दाखवा. फोनवरून अडचण सोडवताना तो पत्ता वाचून दाखवायला सांगितला की निम्मे निदान तिथेच होते.

द्यायच्या आधी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर चालवून पाहा, स्वतःच्या नव्हे. फोल्डरचे नाव बदलून, दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवून, मेलवरून स्वतःलाच पाठवून, आणि एकदा मुद्दाम पीडीएफ काढून टाकून. कार्यभार देण्याच्या दिवशी दप्तर आणि किल्ल्यांबरोबर पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर द्या. नव्या खजिनदाराच्या संगणकावर तो कॉपी करून घ्या आणि प्रत्येक शीटवरचे ‘मदत’ बटण त्यांच्याच हाताने दाबून घ्या.